खात्रीलायक माहिती

छप्पन सालची भाऊबीज रविवारी आली, त्यामुळे सुमेधाला शाळेतून रजा काढावी लागली नाही आणि वसंताला ऑफिस बुडवावं लागलं नाही. एरवी अशा योगाने त्यांचे वडील नाना खांबेटे खूश झाले असते. त्या दिवशीही ते खूशच होते, फक्त मध्येमध्ये जिन्याकडे कान लावत होते. तारवाला रविवारीसुद्धा येतो, हे त्यांना ठाऊक होतं.

धाकटा हेरंब बोटीवर होता. बिनतारी संदेशांचं काम करायचा. ऑक्टोबरच्या वीस तारखेला त्याची बोट लंडनहून मुंबईला निघाली, ती एकतीसच्या सुमारास पोर्ट सैदला पोहोचून सुएझ कालव्यात शिरायची होती. आणि नेमक्या त्याच दिवशी इंग्रज आणि फ्रेंच विमानांनी इजिप्तवर बाँब टाकायला सुरुवात केली. कालवा बंद झाला एवढं पेपरात आलं. बोटीचं नाव कुठेच नव्हतं. नानांनी चारही पेपर उलटेपालटे करून पाहिले होते.

गिरगावातल्या त्यांच्या वाडीतही यंदाची दिवाळी धड दिवाळी नव्हती. गुरुवारी, एक नोव्हेंबरला, महाराष्ट्र आणि गुजरात एकत्र बांधलेलं ते द्विभाषिक राज्य सुरू झालं आणि निम्म्या बिऱ्हाडांनी रागाने कंदीलच लावले नाहीत. नानांच्या पत्नी राधाबाईंनी मात्र लावला. "माझा मुलगा समुद्रावर आहे. माझ्या दाराशी उजेड राहणार," असं त्यांनी वाडीच्या समितीवाल्यांना तोंडावर सांगितलं, आणि समितीवाले चकली खाऊन निमूट गेले.

सुमेधा दादरहून नऊच्या आत आली. तिने वसंताला ओवाळलं, मग हेरंबाच्या नावाने पाटावर सुपारी ठेवून तिलाही ओवाळलं. हेरंबाची बायको मृणालिनी, पाचवा महिना लागलेली, भिंतीला टेकून ते पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी येईल म्हणून राधाबाई तिच्याकडे बघायचं टाळत होत्या, पण ती एकदम हसली आणि म्हणाली, "सुपारीने ओवाळणी काही घातली नाही हं, वन्सं."

"तो आला की दुप्पट वसूल करते," सुमेधा म्हणाली आणि सगळेच हसले. बासुंदी दाट झाली होती, अळूची भाजी राधाबाईंच्या हातची होती, आणि नानांना वाटलं, घर असं भरलेलं असलं की माणसाला आणखी काय लागतं.

जेवणं उरकल्यावर वसंताने खिशातून एक लांब पाकीट काढलं आणि नानांच्या पुढ्यात ठेवलं.

"काय रे हे?"

"साहेबांनी दिलंय. तुमच्यासाठी."

नानांनी चष्मा चढवला. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका इंग्रज जहाज कंपनीत त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. निवृत्त होताना त्यांच्याच शब्दावर वसंता तिथे लागला, पुढे हेरंबही त्याच कंपनीच्या बोटीवर गेला. कंपनीचा कागद हातात आला की नानांची पाठ आपोआप ताठ व्हायची. तशी ती आताही झाली.

कागद इंग्रजीत टाइप केलेला होता. त्यांनी मराठीत अर्थ सांगत मोठ्याने वाचला. खाली सही करणारे आम्ही, ज्यांचे आप्त कंपनीच्या बोटींवर आहेत, असं जाहीर करतो की, इजिप्तच्या हाती गेल्यापासून कालवा धोक्याचा झाला आहे. तिथल्या बोटी अडवण्याचा आणि बुडवण्याचा इजिप्तचा बेत असल्याची खात्रीलायक गुप्त माहिती लंडनकडे आहे. सबब आमच्या माणसांच्या जिवासाठी जी कारवाई चालली आहे तिला आमचा मनापासून पाठिंबा आहे.

"हे कुठे जाणार?" सुमेधाने विचारलं.

"इंग्रजी पेपरात," वसंता म्हणाला. "इकडे सगळे इंग्रजांच्या नावाने शिमगा करताहेत ना, मग हिंदी माणसंही आपल्या बाजूने आहेत हे दाखवायचं. पहिली सही नानांची हवी म्हणतात साहेब. त्यांना सगळं ऑफिस ओळखतं."

"आणि ही गुप्त माहिती कसली?"

"गुप्त माहिती सांगतात का कुणाला? सांगितली तर ती गुप्त कशी राहील?"

"वा! म्हणजे माहिती त्यांनी ठेवायची आणि सही नानांनी करायची!"

"सुमे, तू शाळेत इतिहास शिकवतेस, ठीक आहे. मला त्या ऑफिसात रोज जायचंय."

राधाबाई मध्ये पडल्या. "अहो, मला यातलं काही कळत नाही. पण हेरंब त्यांच्या बोटीवर आहे. तुम्ही सही केलीत तर ते त्याला जरा जपून आणतील. नाही केलीत आणि त्यांच्या मनात आलं तर?" पदराने हात पुसत बसल्या.

नानांनी टाक उचलला होता. खरं म्हणजे त्यांना यात अडचण अशी दिसतच नव्हती. चौतीस वर्षांत साहेबाने एक गोष्ट खोटी सांगितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. रोज संध्याकाळी लंडनच्या इंग्रजी बातम्या लावून ते आपलं घड्याळ मिळवत. जे घड्याळाच्या बाबतीत चुकत नाहीत ते इतर बाबतींत कसे चुकतील, असं त्यांना आपलं वाटत आलं होतं.

"ज्यांच्याकडे राज्यकारभार असतो," ते म्हणाले, "त्यांना आपल्याला दिसत नाही ते दिसत असतं. एवढी विमानं कोणी उगाच पाठवत नाही."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे सीताराम करंजीकर फराळाचं ताट घेऊन आले. छापखान्यात खिळे जुळवणारे हे गृहस्थ एका पायाने किंचित लंगडत. जानेवारीत मुंबई तोडायची भाषा झाली आणि गिरगाव पेटलं, तेव्हा खिडकी लावायला म्हणून उठले आणि मांडीत पोलिसांची गोळी लागली. ताट राधाबाईंकडे देऊन ते खुर्चीत टेकले. नानांचं शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं. काय चाललंय ते सुमेधाने दोन वाक्यांत सांगितलं.

"खात्रीलायक माहिती का?" सीतारामपंत गंभीरपणे म्हणाले. "ती असते हो, नाना. माझ्याविषयीसुद्धा होती. वाडीत गुंड लपलेत आणि ते लुटालूट करणार आहेत अशी. दुसऱ्या दिवशी पेपरात मी स्वतः वाचलं. मी दवाखान्यात पडलो होतो आणि शेजारच्या खाटेवर एक भाजीवाला. दोघांनी मिळून वाचलं, आणि आमच्यातला गुंड कोणता यावर चांगला अर्धा तास चर्चा झाली."

वसंतासकट सगळे हसले. नाना हसले नाहीत. त्यांना जिन्यावरचं ते रक्त दिसलं. सीतारामला खाली उतरवताना डोक्याची बाजू त्यांनीच धरली होती. खिडकीत तो एकटा होता, अंगात बनियन, हातात कडी, हे त्यांनी, त्या वेळी समोरच्या चाळीत गेलेले असताना, तिथल्या गॅलरीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि तरीसुद्धा दुसऱ्या दिवशी तो पेपर वाचून ते राधाबाईंना म्हणाले होते, "वाडीत कुणीतरी असेलच गं, त्याशिवाय सरकार असं बोलणार नाही." ते वाक्य सीतारामला ठाऊक नव्हतं. नानांना आता त्याच्याकडे बघवेना.

"ती गोष्ट वेगळी," ते पुटपुटले. "हे लंडन आहे."

"मामंजी," मृणालिनी म्हणाली.

ती या घरात येऊन दीड वर्ष झालं होतं, पण पुरुषांच्या बोलण्यात ती कधी पडली नव्हती. सगळे तिच्याकडे बघायला लागले तशी ती लाल झाली, पण थांबली नाही.

"पोर्ट सैदहून त्यांचं पत्र आलं होतं ना, बोट लंडनला जात असताना? त्यातली खुशाली मी वाचून दाखवली. एक पान दाखवलं नव्हतं."

"ते तुझं असेल, ठेव तुझ्यापाशी," राधाबाई घाईघाईने म्हणाल्या.

"तसलं नाही हो, आई. कालव्याचं आहे." ती आत गेली आणि पान घेऊन आली. उभ्यानेच वाचायला लागली, आधी हळू, मग तिचा आवाज मोकळा झाला.

"इथे येईपर्यंत आमचा कॅप्टन सारखा घड्याळ बघत होता. कालव्यातून बोटी वाट दाखवत नेणारे जे पायलट असतात, त्यांतले गोरे सगळे पंधरा दिवसांपूर्वी काम सोडून गेले. लंडनचे पेपर म्हणतात, आता इजिप्शियनांच्या हातून बोटी वाळूत रुतणार. आम्हांला जो पायलट मिळाला तो अलेक्झांड्रियाचा, वय असेल पन्नास, पोट सुटलेलं, पण काय माणूस! रांगेत आमच्यापुढे अकरा बोटी आणि मागे नऊ. एकही अडली नाही. सकाळी शिरलो ते रात्री बाहेर. आईने दिलेला चिवडा मी त्याला दिला. त्याने दोनदा मागून घेतला आणि विचारलं, हा कोणी केला. कॅप्टनने शेवटी त्याच्याशी हात मिळवला आणि म्हणाला की इतका सुरळीत प्रवास आपण वीस वर्षांत केला नव्हता. आता लंडनला पोहोचल्यावर पेपरात काय वाचायला मिळतं ते बघायचं."

"बघा!" सुमेधा उठलीच. "धडधडीत पुरावा आहे हा. उद्या संध्याकाळी चौपाटीवर सुएझच्या निषेधाची सभा आहे, समितीचे, युनियनचे सगळे येणार आहेत. हे पत्र तिथे वाचलं पाहिजे."

"आणि हेरंबाची नोकरी?" वसंता ओरडला. "अगं, कॅप्टनचं बोलणं आहे त्यात! दुसऱ्या बंदरात उतरवतील त्याला."

"म्हणून खोट्यावर सही करायची?"

"मी कुठे म्हणतोय ते खोटं आहे? मी म्हणतोय, आपल्याला माहीत नाही!"

"आणखी आहे का त्यात?" नानांनी विचारलं. मृणालिनीने पान घडी करून घेतलं होतं, आणि ते ज्या घाईने केलं होतं ते त्यांच्या लक्षात आलं होतं. हेडक्लार्कच्या नजरेतून कागदाची शेवटची ओळ सहसा सुटत नाही.

"काही विशेष नाही, मामंजी."

"वाच."

तिने सुमेधाकडे पाहिलं, मग खाली बघून वाचलं. "हे नानांना दाखवू नकोस. त्यांचा साहेबावर फार विश्वास आहे. या वयात तो मोडून आपल्याला काय मिळणार?"

खाली वाडीत पोरं केपा फोडत होती. सीतारामपंत उठले, नानांच्या खांद्यावर हात ठेवला न ठेवल्यासारखा केला आणि लंगडत वर गेले.

नानांना राग आला नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं. मुलाने आपल्याला सांभाळून घ्यावं, जसं आपण एकदा त्याला ताप असताना शाळा बुडल्याचं कळू दिलं नव्हतं तसं, हे त्यांना लागलं. पण त्या लागण्यात माया होती. मोडायला नको म्हणून पोराने खरं लपवलं. आणि आपण काय जपून ठेवलं होतं इतकी वर्षं? स्वतः पाहिलेलं सोडून दुसऱ्याने सांगितलेलं.

"सही मी करत नाही," ते म्हणाले. राधाबाईंनी मान वर केली तशी त्यांनी हात करून थांबवलं. "आणि सुमे, पत्रही सभेत जाणार नाही. ते मृणालला लिहिलंय. हेरंब समुद्रावर आहे, त्याला विचारल्यावाचून त्याचं नाव मी कुठल्याच कागदावर घालणार नाही, साहेबाच्या नाही आणि समितीच्याही नाही."

"मग साहेबांना मी काय सांगू?" वसंताने विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"तू काही सांगू नकोस. उद्या मी जातो."

सोमवारी दुपारी तीनला नाना बॅलार्ड इस्टेटच्या त्या दगडी इमारतीत शिरले. काळा कोट, टोपी, हातात ते पाकीट. दारावरचा जमादार भिवा उठून उभा राहिला. हॉलमध्ये टाइपरायटर चालू होते ते एकेक करून थांबले. वसंता आपल्या टेबलाशी मान खाली घालून बसला होता.

मॅकलीन साहेब त्यांना भेटायला खोलीच्या दारापर्यंत आले. नानांच्या हाताखाली काम शिकलेला हा माणूस; बावीस वर्षांचा कोवळा स्कॉच पोरगा म्हणून आला तेव्हा बिल ऑफ लेडिंग, म्हणजे बोटीत चढलेल्या मालाची पावती, कशी वाचायची ते नानांनी शिकवलं होतं.

"खांबेटे, आधी बसा," साहेब म्हणाले. "मी आत्ताच वसंतला बोलावणार होतो. तार आली आहे. तुमच्या मुलाची बोट माल्टापाशीच थांबवली होती. कालव्यात गेलीच नाही. सगळे सुखरूप आहेत. आता आफ्रिकेखालून, केपला वळसा घालून येतील. डिसेंबरचा मध्य होईल."

नानांनी डोळे मिटले. पाच दिवस छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं. क्षणभर त्यांना असंही वाटलं की या माणसाने आता काहीही पुढे केलं तरी आपण सही करू. साहेबाने पंखा वाढवला, चहा मागवला. मग पाकिटाकडे बघून विचारलं, "ते आणलंत?"

"आणलंय. सही केलेली नाही." नानांचं इंग्रजी संथ आणि नेटकं होतं, पत्रात लिहितात तसं. "सर, चौतीस वर्षांत मी न पाहिलेल्या मालाच्या पावतीवर सही केली नाही. तुम्हीही तेच शिकलात. या कागदात एक माहिती आहे म्हणून लिहिलंय. ती मला दाखवा. सगळी नको, एक ओळ. मी इथेच सही करतो."

"ती गुप्त आहे, खांबेटे."

"मला दाखवता येत नसेल. तुम्ही पाहिली आहे का, एवढंच सांगा. तुम्ही पाहिली आहे म्हणालात तर तुमच्या शब्दावर करतो."

टेबलावर दुपारच्या बातमीचा कागद पडला होता. सकाळी पोर्ट सैदला हवाई छत्र्यांनी इंग्रज सैनिक उतरले होते. तो कागद साहेबांनी पालथा घातला. "लंडन ऑफिसने लिहिलं, म्हणून मी लिहिलं," ते म्हणाले.

"लंडन ऑफिसने पाहिली आहे?"

"मला वाटतं, त्यांनाही कोणीतरी सांगितलं असणार." साहेब खिडकीकडे वळले. "माझा धाकटा भाऊ तिथल्या एका युद्धनौकेवर आहे. आमच्या आईने मला हेच विचारलंय, पत्रात. मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही."

नानांना त्या पाठमोऱ्या माणसाची दया आली. ते उठले. "तो सुखरूप येवो, सर," ते म्हणाले. "आमच्या घरी मी आज सांगेन, तुमच्या भावासाठीही दिवा लावायला."

साहेबांनी वळून त्यांचा हात हातात घेतला. पाकीट नानांनी टेबलावरच ठेवलं. साहेबांनी ते उचललं, क्षणभर पाहिलं आणि पलीकडच्या टोपलीत टाकलं.

नाना जिना उतरून रस्त्यावर आले तोच मागून वसंता धावत आला. त्याला दम लागला होता.

"नाना! बोटीचं कळलं, भिवाने सांगितलं. आणि ते? काय म्हणाले?"

"पाहिलेली नाही म्हणाले. त्यांनीही नाही, लंडननेही बहुधा नाही."

वसंताने खिशात हात घातला आणि एक कागद काढला, तसाच टाइप केलेला, घड्या पडून मऊ झालेला. "हा माझा. शुक्रवारी दिला होता. काल घरी एवढं भांडलो ना, पण माझ्याच्यानेही झाली नव्हती सही. ऑफिसातल्या हेमचंद्रने केली नाही, आनंदनेही केली नाही. सगळे म्हणत होते, खांबेटे करताहेत का बघू. तुम्ही केलीत की करू." तो हसला, लहानपणी चोरी पकडल्यावर हसायचा तसा. "मला वाटायचं, तुम्ही करालच. मग माझ्या मनाला काही विचारावं लागणार नाही."

"मग आता विचार त्याला," नाना म्हणाले. "आणि वर जा. साडेपाचपर्यंतचा पगार घेतोस."

वसंताने तो कागद फाडला नाही, नाटक केलं नाही. घडी करून नानांच्या हातात दिला आणि वर गेला. त्याच्या चालीत काहीतरी सैल झालं होतं. नानांनी कागद कोटाच्या खिशात टाकला आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच बस न धरता चालत निघाले. बोरीबंदर, धोबीतलाव, ठाकुरद्वार. वाटेत लोक सभेसाठी चौपाटीकडे चालले होते. उन्हं उतरली होती आणि समुद्राकडून वारा येत होता.

घरी बातमी सांगितल्यावर राधाबाई आधी रडल्या, मग देवापुढे साखर ठेवली, मग डिसेंबरपर्यंत पोरगा काय खाणार या काळजीला लागल्या. साहेबाच्या भावाचंही नानांनी सांगितलं. "आई ती आईच," म्हणत त्यांनी आणखी एक वात लावली. सुमेधा सभेला जाता जाता डोकावली होती. तिने शाळेचा मोठा नकाशा जमिनीवर पसरला. चौघं भोवती बसली.

मृणालिनीने माल्टावर बोट ठेवलं आणि सावकाश पुढे सरकवलं. जिब्राल्टर, मग खाली, आफ्रिकेच्या कडेकडेने, खाली, आणखी खाली.

"अगंबाई," राधाबाई म्हणाल्या, "हा एवढा मोठा देश मध्ये कशाला आलाय?"

"आई, तो खंड आहे."

"असेल. लांब किती पण!"

मृणालिनीचं बोट केपला वळलं, हिंदी महासागरात शिरलं. "लांब असू दे हो," ती म्हणाली. "आता कुठून येताहेत ते दिसतंय ना आपल्याला."

नानांनी चष्मा पुसला आणि वाकून बघायला लागले. मुंबई अजून चार बोटं लांब होती.